फोन जुना चालेल, फुगलेली बॅटरी नाही

मागच्या महिन्यात रक्तदाब तपासायला वस्तीत फिरत होते. एका घरी मावशींच्या फोनला रबरबँड गुंडाळलेला दिसला. विचारलं तर म्हणाल्या, "मागचं झाकण बसतच नाही ताई. चार वर्षं झाली, पण चालतोय अजून. कामाचे फोन यावरच येतात, नातवाचा अभ्यासही यावरच." फोन हातात घेऊन पाहिला. झाकणाचा दोष नव्हता, आतली बॅटरी फुगली होती. आणि हा फोन रोज रात्री चार्जिंगला लावून नातवाच्या उशाशी ठेवला जात होता.

जुना फोन वापरण्यात कसलाच कमीपणा नाही. पण फोन टिकला तरी बॅटरी म्हातारी होते, हे ध्यानात ठेवा. फोनमधली लिथियम बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाली की तिची ताकद कमी होऊ लागते. रोज चार्ज केली तर दोन-तीन वर्षांत ही वेळ येते. आतलं रसायन खराब होऊन वायू तयार होतो आणि बॅटरी फुगते. उष्णतेने हे लवकर घडते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, गोधडीवर ठेवून चार्ज केलेल्या फोनची गरमी बाहेर पडायला वाटच नसते.

फुगलेली बॅटरी कशी ओळखाल? झाकण किंवा स्क्रीन कडेने उचलली जाते. सपाट फरशीवर ठेवलेला फोन डुगडुगतो. फोन विनाकारण गरम होतो, कधी गोडसर उग्र वास येतो. नुसती चार्जिंग लवकर संपत असेल तर बॅटरी थकली आहे, बदलायचा विचार करा. पण फुगली असेल तर विचार करत बसू नका.

फुगल्यावर काय कराल? फोन बंद करा, पुन्हा चार्जिंगला लावू नका. झाकण दाबून बसवू नका, रबर लावू नका, टाचणी टोचून हवा काढायला तर मुळीच जाऊ नका. टोचलेली बॅटरी हातातच पेट घेऊ शकते. फोन मुलांपासून, सिलिंडरपासून आणि उन्हापासून दूर, मातीच्या भांड्यात कोरड्या वाळूवर ठेवा आणि लवकरात लवकर दुरुस्तीवाल्याकडे न्या. त्याच मॉडेलची चांगली बॅटरी घ्या. नव्या फोनपेक्षा ती कितीतरी स्वस्त पडते.

रोजची काळजी. फोन फरशीवर किंवा लाकडी पाटावर ठेवून, जागेपणी चार्ज करा. उशीखाली नको. चार्जिंग सुरू असताना मुलांच्या हाती फोन देऊ नका. वायर सोलली असेल तर चिकटपट्टी लावून चालवू नका. चार्जर घेताना त्यावर बीआयएसचं चिन्ह आणि 'आर' अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहा.

धूर निघाला तर फोन उचलू नका. आधी मुलांना, म्हाताऱ्यांना बाहेर काढा. हा धूर विषारी असतो. जमत असेल तर मेन स्विच बंद करा, त्यानंतरच लांबून भरपूर पाणी ओता. आग वाढली तर आत थांबू नका, १०१ किंवा ११२ ला फोन करा.

भाजलं तर अंगठी, बांगड्या लगेच काढा आणि भाजलेला भाग २० मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका. स्वच्छ सुती कापड सैल झाका. चेहरा, हात किंवा सांधा भाजला असेल, मोठा फोड आला असेल किंवा लहान मूल असेल तर थेट दवाखाना गाठा. १०८ ची रुग्णवाहिका मोफत आहे.

आणखी एक गोष्ट. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. गाडीत कचरा दाबताना ती फुटून आग लागते आणि त्या गाडीवर आपल्याच वस्तीतला माणूस असतो. कचरा वेचणाऱ्या आपल्याच बहिणीच्या हातात ती येते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे. म्हणून सर्व्हिस सेंटरमध्ये किंवा ई-कचरा संकलनात ती द्या आणि तसं हक्काने सांगा.

मावशींनी दुसऱ्याच दिवशी बॅटरी बदलली. रबर गेला, फोन तोच आहे. आज रात्री झोपण्याआधी घरातला प्रत्येक फोन फरशीवर सपाट ठेवून बघा. डुगडुगला, तर तो उशाशी घेऊन झोपू नका.