औषध : कारखान्यापासून घरापर्यंत – लेखांक ७ : काउंटरपासून दारापर्यंत

औषधविक्रीचे आजचे नियमन १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आणि त्याखालील १९४५ चे नियम यांवर उभे आहे. रुग्ण किंवा त्याचा नातेवाईक दुकानात समोर उभा असणार हे त्या काळी गृहीतच असल्यामुळे सुरक्षिततेच्या बहुतेक तरतुदी दुकानाच्या काउंटरपाशी एकवटल्या. औषध घरपोच जाऊ लागले की त्यांपैकी कोणत्या टिकतात आणि कोणत्या गळतात, हा प्रस्तुत लेखांकाचा विषय आहे.

नियम ६५ नुसार चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या, म्हणजे राज्य परिषदेकडे नाव नोंदवलेल्या फार्मासिस्टच्या, प्रत्यक्ष देखरेखीखालीच दिले गेले पाहिजे. चिठ्ठीवर दिनांक, डॉक्टरांची सही, रुग्णाचे नाव-पत्ता आणि औषधाची मात्रा असली पाहिजे. आणि लिहिलेल्या औषधाऐवजी दुसरे औषध परस्पर देता येत नाही. याच नियमात एक बारीक तरतूद आहे. औषध दिल्यावर विक्रेत्याने चिठ्ठीवर डॉक्टरांच्या सहीच्या वर आपले नाव, पत्ता व दिनांक नोंदवायचा असतो, आणि डॉक्टरांनी तसे लिहिले नसेल तर त्याच चिठ्ठीवर दुसऱ्यांदा औषध द्यायचे नसते. दुकानाच्या गर्दीत हा शिक्का बहुधा उपचारापुरता उरतो हे खरे. तथापि कागद एकदा वापरला गेल्याची तीच एकमेव खूण असते. चिठ्ठीचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला की मूळ कागद रुग्णाकडे कोराच राहतो आणि तोच फोटो एकाच दिवशी चार विक्रेत्यांकडे जाऊ शकतो. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या ‘एच-१’ अनुसूचीत तिसऱ्या-चौथ्या पिढीची काही प्रतिजैविके, क्षयरोगावरील औषधे आणि अल्प्राझोलामसारखी चिंताशामके येतात. त्यांच्या विक्रीची स्वतंत्र नोंदवही तीन वर्षे जपावी लागते, पण एका दुकानाच्या नोंदवहीला दुसऱ्या दुकानातली विक्री दिसत नाही.

२६ मार्च २०२० रोजी, कोविडच्या टाळेबंदीत, केंद्र सरकारने परवानाधारक दुकानांना औषधे घरपोच देण्याची मुभा दिली, ती हे धोके ओळखूनच. अमली व मनोविकारी पदार्थ तसेच ‘एच-१’ आणि ‘एक्स’ या अनुसूचींतील औषधे तिच्यातून वगळली होती. जुनाट आजाराची चिठ्ठी ३० दिवसांच्या आतली आणि तात्पुरत्या आजाराची ७ दिवसांच्या आतली असावी लागे. आणि दुकान व ग्राहक एकाच महसुली जिल्ह्यातले असावे लागत. यांतली जिल्ह्याची अट सर्वांत शहाणपणाची म्हणावी लागेल, कारण तक्रार आल्यास स्थानिक औषध निरीक्षक त्या दुकानाच्या पायरीवर जाऊन उभा राहू शकतो. ऑनलाइन औषधविक्रीच्या स्वतंत्र नोंदणीचा मसुदा त्याआधीच, ऑगस्ट २०१८ मध्ये, निघाला होता, पण त्याचे अंतिम नियमांत रूपांतर वर्षानुवर्षे रखडले.

दुसरा प्रश्न तापमानाचा. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते, आणि विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढत असल्याने सगळ्यांचे लक्ष उष्णतेकडेच जाते. वास्तविक वापरात असलेली कुपी बेताच्या तापमानात साधारण चार आठवडे चालते, म्हणजे थोड्या वेळाची ऊब इन्सुलिन बहुधा सोसते. गोठणे मात्र ते मुळीच सोसत नाही. फ्रीझरमधून काढलेला जेल पॅक तसाच कुपीला चिकटवून थर्माकोलच्या डब्यात बंद केला, तर काचेलगतचे औषध गोठू शकते. वितळल्यावर गढूळ प्रकारच्या इन्सुलिनमध्ये कधी गुठळ्या दिसतात, परंतु स्वच्छ प्रकारात काहीच वावगे न दिसता गुण उतरलेला असू शकतो. म्हणून पॅक थोडा वेळ बाहेर ठेवून त्यावरचे हिव जाऊ द्यावे आणि मध्ये पुठ्ठ्याचा थर घालावा. ही बिनखर्चाची काळजी महागड्या डब्याहून अधिक मोलाची आहे.

दारात पुडके स्वीकारताना बिलावरचा बॅच क्रमांक आणि मुदत वेष्टनावरच्या मजकुराशी ताडून पाहावी. ठरावीक ३०० ब्रँडांवर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा असल्याने तोही तपासता येतो. घर बंद असल्यामुळे परत गेलेल्या शीत औषधाचे काय होते, हे मात्र ग्राहकाला कधीच कळत नाही. ते दुपारभर दुचाकीच्या पेटीत कोणत्या तापमानात होते याची नोंद नसेल, तर ते पुन्हा विक्रीच्या फ्रिजमध्ये न ठेवता बाजूला काढणे हाच सुरक्षित मार्ग होय. अशा परत आलेल्या मालाच्या विल्हेवाटीचा विचार पुढील लेखांकात येईल.