विमा कोणाच्या नावावर?

बँकेत उमेदीची वर्षे घालवलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणताही कागद हाती आला, की आधी नाव पाहायचे. नोकरीबरोबर मिळणाऱ्या आरोग्यविम्याच्या कागदावर मुख्य नाव असते मालकाचे. आपण त्यातले नुसते सभासद, तेही हजेरीपटावर आहोत तोवर.

बरे दिवस असताना हे कोणी वाचत नाही. माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांची मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आधी हक्काची रजा संपली, मग बिनपगारी सुरू झाली. अखेर ‘तुम्हीच राजीनामा दिलात तर बरे’ असा निरोप आला. माणूस भिडस्त, त्यांनी सही केली. नोकरी गेली आणि तिच्यामागोमाग त्यांचा आणि पत्नीचाही विमा गेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच!

गंमत अशी, की कारखान्यातल्या कामगारासाठी हा विचार आपल्याकडे फार पूर्वी झाला होता. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यात औषधोपचार तर होतेच, शिवाय आजारपणात ठरावीक दिवस पगाराचा काही भाग मिळे. आणि हा लाभ घेत असलेल्याला मालकाने कामावरून काढू नये, असे ७३ वे कलमही होते. मात्र योजनेला पगाराची मर्यादा होती. २०१७ मध्ये ती महिना २१,००० रुपये झाली. त्याहून चार पैसे अधिक मिळवणाऱ्या पांढरपेशाच्या वाट्याला आला गटविमा. तो इस्पितळाचे बिल भरतो. नोकरी टिकवत नाही.

मग करावे काय? एक तर, आजारपणात राजीनाम्यावर घाईने सही करू नये. गटविम्यातून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची सोय आहे, आणि जुन्या आजारांसाठी आधी काढलेला प्रतीक्षाकाळ जमेस धरला जातो. त्यासाठीचा अर्ज नोकरीत असतानाच करावा. पण आजारी माणसाला घ्यायचे की नाही, हे शेवटी विमा कंपनी ठरवते.

म्हणून सगळे धडधाकट असतानाच, लहान का होईना, स्वतःच्या नावाची एक पॉलिसी घरात असावी. २०२४ च्या नियमांनी जुन्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणला आहे. ही तीन वर्षे पगार चालू असतानाच सरलेली बरी.