टाकीतली बटणं आणि उकळतं पाणी

फिशटँक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? हॉलमधली काचेची पेटी, दोन गोल्डफिश आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या! पण हा छंद त्याच्या फार पुढे गेलाय, मित्रांनो. खाऱ्या पाण्याची टाकी, लाटा तयार करणारे पंप, निळसर एलईडी दिवे, मोजून कॅल्शियम सोडणारे डोसिंग पंप आणि या सगळ्या सरंजामात दगडावर वाढणारी जिवंत प्रवाळं. याला म्हणतात रीफ अ‍ॅक्वेरियम. सेन्सर, कंट्रोलर, प्लंबिंग सगळंच त्यात असल्यामुळे इंजिनिअर मंडळींना भुरळ पडणं साहजिक आहे. अमेरिका-युरोपात हा छंद जोरात आहे, आणि मुंबई-पुण्यातही त्याचे शौकीन आहेत.

या टाक्यांमध्ये हमखास दिसणारा एक जीव म्हणजे झोअँथिड. शर्टाच्या बटणाएवढे गोल पॉलिप, भोवती झालर, रंग हिरवा, केशरी, जांभळा. वाढायला सोपा आणि दिसायला झकास. शास्त्रीय दृष्ट्या हा खरा दगडी प्रवाळ नव्हे, त्याचा चुलतभाऊ म्हणा. पण त्याच्यातल्या पॅलिथोआ गटातल्या काही जातींमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं विष असतं. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांमध्ये त्याची गणना होते.

हवाईचं डबकं

हवाई बेटांपैकी माउई बेटावर हाना नावाचा भाग आहे. तिथल्या एका डबक्यातलं 'शेवाळ' भाल्याच्या टोकाला चोळलं की जखम प्राणघातक होते, अशी जुनी समजूत होती. स्थानिक भाषेत त्याचं नाव होतं 'लिमू-माके-ओ-हाना', म्हणजे हानाचं जीवघेणं शेवाळ. प्रत्यक्षात ते शेवाळ नव्हतंच, पॅलिथोआ होता! हवाई विद्यापीठाच्या रिचर्ड मूर आणि पॉल शॉयर यांनी १९७१ मध्ये त्यातलं विष वेगळं केल्याचं जाहीर केलं. उंदराला शिरेतून दिल्यावर किलोमागे ०.१५ मायक्रोग्रॅम ही मात्रा घातक ठरली. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग, हे लक्षात घ्या.

पंपाचं भोक कसं होतं?

आपल्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत एक पंप असतो. एटीपीचा एक रेणू खर्च करून तो सोडियमचे ३ आयन बाहेर टाकतो आणि पोटॅशियमचे २ आत घेतो. हा शोध येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केला आणि त्यासाठी १९९७ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. या पंपाला दोन दारं असतात, एक आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. दोन्ही एकाच वेळी कधीच उघडत नाहीत. सगळी गंमत इथेच आहे.

पॅलिटॉक्सिन या पंपावर बसतं आणि दोन्ही दारं एकदम उघडी ठेवतं. हॉस्टेलच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवणारा पंप बंद पडला आणि नेमका नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही गेला, तर काय होईल? चढवलेलं पाणी भसाभसा परत खाली. तसंच इथे. पंपाचं भोक होतं आणि त्यातून सेकंदाला लाखो आयन उलट वाहायला लागतात. सोडियम आत घुसतो, पोटॅशियम बाहेर पळतो. स्नायू आखडतात, स्नायूंच्या पेशी फुटतात, हृदयाची लय बिघडू शकते. यावर उतारा म्हणून कुठलंही औषध उपलब्ध नाही. डॉक्टर लक्षणांवर उपचार करतात आणि रुग्णाला सांभाळतात, एवढंच.

मग टाकी ठेवायचीच नाही का?

तसं अजिबात नाही. पाण्यात शांत बसलेला झोअँथिड काचेबाहेरच्या माणसाला काही करत नाही. असंख्य लोक वर्षानुवर्षं तो पाळतात. शिवाय प्रत्येक वसाहत विषारीही नसते. अमेरिकेत वॉशिंग्टन परिसरातल्या दुकानांतून घेतलेल्या नमुन्यांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही नमुन्यांमध्ये विष जवळजवळ नव्हतं, तर काहींमध्ये भरपूर होतं. पंचाईत अशी की नुसतं बघून फरक कळत नाही. म्हणून सगळेच विषारी आहेत असं धरून चालायचं.

धोका सुरू होतो तो आपण हात घालतो तेव्हा. झोअँथिड भराभर पसरतो, मग तो नकोसा होतो. आणि आपल्या डोक्यात लहानपणापासून काय बसलंय? नको असलेलं काहीही उकळत्या पाण्यानं मरतं! दूध उकळा, पाणी उकळा, बाटली उकळा. इथे मात्र हीच सवय अंगाशी येते.

अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात २००७ मध्ये एका माणसानं दगडावरचा पॅलिथोआ मारायला त्यावर उकळतं पाणी ओतलं. वाफ नाकात गेली, जोराचा खोकला आणि धाप लागून त्याला इस्पितळात जावं लागलं. उरलेल्या नमुन्यात पुढे पॅलिटॉक्सिन सापडलं. मार्च २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमधल्या स्टीव्हन्टन गावात टाकी साफ करताना प्रवाळ बाहेर काढलं गेलं आणि घरातल्या ६ जणांना आणि मदतीला आलेल्या अग्निशमन दलाच्या ४ जणांना इस्पितळात न्यावं लागलं. प्रवाळाला हात लावणारा एक, आजारी दहा!

आता तुम्ही म्हणाल, एवढा अवजड रेणू, त्याचं रेणुभार २,६०० च्या वर, त्याची वाफ कशी होईल? बरोबर आहे, होत नाही. पण उकळताना फुटणारे बुडबुडे सूक्ष्म थेंब उडवतात आणि विष त्या थेंबांवर स्वार होऊन हवेत जातं. हे विष उष्णतेला सहज दादही देत नाही. ब्रशनं खरवडणं, ड्रिलनं कापणं, प्रेशरनं धुणं, सगळ्यांत हाच प्रकार.

काय करायचं, काय नाही

१. दगड उकळू नका, भाजू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, कोरडा खरवडू नका.

२. कापायचंच असेल तर कात्री-चिमटा वापरा. पॉलिपमधून चिळकांडी उडते, म्हणून डोळे पूर्ण झाकणारा गॉगल आणि लांब ग्लोव्हज हवेतच. हाताला चीर असेल तर काम दुसऱ्या दिवशी.

३. मास्क घातला म्हणून वाफ काढायची मुभा मिळत नाही. थेंब उडूच न देणं हा पहिला उपाय, मास्क शेवटचा.

४. टाकून द्यायचा तुकडा पाण्याबाहेर सुकू न देता ब्लीचमध्ये बुडवा. ५ ते ६ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असलेलं ब्लीच १ भाग आणि पाणी १० भाग, त्याच दिवशी बनवलेलं, किमान ३० मिनिटं. बाटलीवरची टक्केवारी वाचा. काम खिडक्या उघड्या ठेवून करा आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा कुठलंही अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका. आणि हो, हे सगळं वेगळ्या बादलीत, चालू टाकीत नाही! अवजारंही याच पाण्यात बुडवा.

५. ती बादली, तो ब्रश पुन्हा स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये जाता कामा नये. हात साबणानं धुवा.

६. तोंडात कडवट धातूसारखी चव, खोकला, धाप, ताप, अंगदुखी, मुंग्या, डोळ्यांची आग यांपैकी काहीही झालं तर सगळ्यांनी खोलीबाहेर पडा. कुत्रं-मांजर असेल तर तेही. डोळ्यात गेलं असेल तर १५ मिनिटं स्वच्छ पाण्यानं धुवा आणि लगेच इस्पितळ गाठा. लक्षणं काही तासांनीही येऊ शकतात. 'फ्लू असेल' म्हणून झोपून राहू नका, आणि डॉक्टरांना 'पॅलिटॉक्सिन' हा शब्द लिहूनच द्या. बहुतेकांनी तो ऐकलेला नसतो.

जाता जाता कायद्याचं. सगळी दगडी प्रवाळं आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवण, लक्षद्वीप किंवा अंदमानच्या ट्रिपवरून प्रवाळाचा तुकडा 'आठवण' म्हणून उचलणं हा गुन्हा आहे. आणि झोअँथिड फक्त परदेशात असतात असंही नाही, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांवर ते दिसतात. बघा, फोटो काढा, बोट घालू नका.

आपल्यापैकी कुणी उद्या नोकरीला लागून पहिल्या पगारात अशी टाकी घेईल. जरूर घ्यावी, सुंदर असते. फक्त ती साफ करण्याआधी घरात अजून कोण कोण श्वास घेतंय, हे मोजून घ्या. रूम पार्टनर, आई, शेजारच्या खोलीत झोपलेलं बाळ. किटली मात्र चहासाठीच ठेवा!