आधी काय, मग काय

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई-आग्रा आणि नाशिक-पुणे हे दोन महामार्ग एकमेकांना भिडतात. नाशिकरोडहून एकामागोमाग निघालेल्या दोन रिक्षा इथून पंचवटीकडे त्याच क्रमाने बाहेर पडतील, अशी पैज इथला कुणी लावणार नाही. सिग्नलला थांबलेल्यांच्या खिशातल्या मोबाइलमध्ये हेच अखंड चाललेलं असतं. प्रोसेसरने आधी लिहिलेली गोष्ट मेमरीत नंतर पोहोचते, नंतरची आधी. जिथे असं चालणार नाही तिथे कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिणारा मध्ये एक आदेश घालतो. तो मेमरी बॅरिअर.

प्रोसेसर हा खोडसाळपणा करतो तो वेगापायी. एक बेरीज नॅनोसेकंदाच्या आत उरकते. मुख्य मेमरीपर्यंत जाऊन यायला मात्र शंभरेक नॅनोसेकंद लागू शकतात. मग लिहायचा मजकूर तो स्टोअर बफरमध्ये ठेवतो आणि पुढच्या कामाला लागतो. प्रोसेसरच्या ज्या कोअरने लिहिलं, त्याला स्वतःचं काम नेहमी क्रमानेच झालेलं दिसतं. उलटसुलटपणा दिसतो शेजारच्या कोअरला. म्हणूनच एका कोअरच्या जमान्यात सामान्य प्रोग्रामरला याची झळ लागली नाही.

सगळे प्रोसेसर सारखे बेशिस्त नसतात. इंटेलच्या घराण्यात साध्या मेमरीवर एका कोअरने केलेली दोन लेखनं इतरांना क्रमानेच दिसतात. मात्र आधीचं लेखन बाहेर पडण्यापूर्वी नंतरचं वाचन उरकू शकतं. मोबाइलमधला एआरएम बराच सैल. आणि १९९२ साली आलेला डिजिटल कंपनीचा अल्फा तर इतका सैल, की नवा पत्ता वाचून त्या पत्त्यावर जावं तर तिथे जुनाच मजकूर दिसू शकायचा. एकट्या अल्फासाठी लिनक्सने कित्येक वर्षं एक वेगळा बॅरिअर सांभाळला.

या गोंधळाला नियमांत बसवणाऱ्यांमधलं एक मोठं नाव सरिता अडवे. मुंबईच्या आयआयटीतून १९८७ साली बी.टेक. होऊन त्या विस्कॉन्सिनला गेल्या आणि १९९० मध्ये मार्क हिल यांच्यासोबत त्यांनी या प्रश्नाची मांडणीच बदलली. तोवर चर्चा असायची प्रोसेसरने काय काय करू नये याची. त्यांनी प्रोग्रामर आणि यंत्र यांच्यात करार घडवला: प्रोग्रामरने समन्वयाच्या जागा दाखवून द्याव्यात, यंत्राने त्या बदल्यात सगळं क्रमाने चालल्यासारखं भासवावं. जावा आणि सी++ यांची मेमरी मॉडेलं याच विचारावर उभी आहेत. मुंबईच्या त्याच आयआयटीत पुढे ‘अजित’ हा प्रोसेसर घडला. त्याचा आदेशसंच स्पार्क व्ही-८. त्या संचात लेखनांचा क्रम राखणारा खास आदेशच आहे.

पण अडवे यांचा करार प्रोग्राम आणि प्रोसेसर यांच्यातला. नेटवर्क कार्डने त्यावर सही केलेली नाही, आणि माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. कार्ड मेमरी थेट वाचतं. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, मेमरीतल्या एका नोंदीत पॅकेटचा पत्ता आणि लांबी भरतो, मग त्याच नोंदीतला एक बिट बदलतो: ‘आता ही तुझी.’ शेवटी कार्डच्या रजिस्टरमध्ये लिहून त्याची घंटा वाजवतो. बिट आधी दिसला आणि पत्ता मागे राहिला, तर कार्ड जुना पत्ता खरा मानतं. पाठवताना भलताच मजकूर तारेवर जातो. पॅकेट स्वीकारताना प्रकरण जास्त भयंकर: आलेलं पॅकेट दुसऱ्याच कुणाच्या मेमरीवर लिहिलं जाऊ शकतं. म्हणून बिट बदलण्याआधी लेखनाचा बॅरिअर लागतो. उलट दिशेने, कार्डने परत केलेली नोंद वाचताना, आधी बिट, मग वाचनाचा बॅरिअर, मगच लांबी.

घंटेचीही एक गोम आहे. प्रोसेसर आणि कार्ड यांना जोडणाऱ्या पीसीआय बसवर रजिस्टरमधलं लेखन वाटेतल्या बफरमध्ये रेंगाळतं आणि प्रोसेसर ‘झालं’ समजून पुढे जातो. कार्ड थांबवून मगच मेमरी मोकळी करायची असेल, तर ड्रायव्हर त्याच कार्डचं एखादं रजिस्टर वाचतो. वाचनाचं उत्तर येईपर्यंत आधीचं लेखन पोहोचलेलंच असतं. रजिस्टरमधून आलेला आकडा फेकून देतात. हवी असते ती फक्त पोच.

अशा चुका सापडणं महाकठीण. इंटेलवर महिनोन्‌महिने धावलेला ड्रायव्हर एआरएमच्या बोर्डवर कधीतरीच घसरतो, आणि तपासासाठी मध्ये एक प्रिंटची ओळ घातली की वेळ बदलून चूक गायब होते.

शिवाय एकटा बॅरिअर बहुतेकदा निरुपयोगी. लिहिणाऱ्याने क्रम पाळला, वाचणाऱ्याने उलटा वाचला, तर व्यर्थच. लिनक्सची तपासणी स्क्रिप्ट म्हणूनच टीप नसलेला बॅरिअर दिसला की इशारा देते. तो कुणाच्या जोडीचा आहे, हे त्या टिपेत लिहावं अशी अपेक्षा असते. टीप खरी आहे का, हे त्या स्क्रिप्टला कळत नाही. त्यासाठी तपासणाऱ्याला जोडीदाराची फाइल उघडावी लागते.