बटण लावण्याचे शास्त्र

विद्यार्थिमित्रांनो, पुढे वाचण्यापूर्वी एक छोटा प्रयोग करा. उजवा हात पाठीमागे धरा आणि नुसत्या डाव्या हाताने सदऱ्याची बटणे लावून पाहा. डावखुऱ्यांनी उलट करावे. घड्याळात पाहून वेळही मोजा. पहिल्याच बटणाशी झटापट करता करता तुमच्या लक्षात येईल, की बटण धरणे, काजे ओढणे आणि बटण आत सरकवणे अशी तीन कामे आपले दोन हात न सांगता वाटून घेत असतात.

आता असे समजा, की अर्धांगवायूने कोणाचा एक हात कायमचा लुळा पडला आहे. जिवावरचे संकट टळले, डॉक्टरांनी घरी सोडले. पण घरी सदरा घालायचा कसा? एका हाताने भाकरी मोडायची कशी? औषधाच्या बाटलीत या प्रश्नांची उत्तरे नसतात. ती शोधणाऱ्या शास्त्राला व्यवसायोपचार म्हणतात. इंग्रजी नाव ऑक्युपेशनल थेरपी. येथे व्यवसाय म्हणजे पोटापाण्याचा धंदा नव्हे. माणूस दिवसभर ज्या ज्या कामांत गुंतलेला असतो, ती सगळी त्यात येतात. लहान मुलाचे खेळणे हाही त्याचा व्यवसायच!

या शास्त्राची संघटित सुरुवात 1917 च्या मार्च महिन्यात अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी झाली. संस्थापकांपैकी जॉर्ज बार्टन हे वास्तुविशारद स्वतःच क्षय आणि अर्धांगवायू भोगलेले होते. पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांना सुतारकाम, विणकाम, टोपल्या वळणे अशी कामे देऊन त्यांच्या हातांना पुन्हा वळण लावण्यात आले. रुग्ण सुधारताना दिसत. पण टोपली वळणे हा उपचार की नुसता विरंगुळा, असे कोणी विचारले तर ठाम उत्तर नव्हते. ‘आमचा अनुभव सांगतो’ एवढ्यावर शास्त्र उभे राहत नाही.

म्हणून लॉस एंजेलिसच्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाची हकिगत तुम्हांला सांगावीशी वाटते. दुसरे महायुद्ध चालू असताना, 1942 मध्ये, मार्गारेट रूड यांच्या नेतृत्वाखाली तेथे व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू झाले आणि 1947 मध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम आला. हा फरक केवळ दोन वर्षे जास्त शिकण्याचा नव्हे. पदवीचा विद्यार्थी उपचार करायला शिकतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला ‘हा उपचार का लागू पडतो?’ असे विचारून त्याचा छडा लावावा लागतो.

असा छडा लावणाऱ्यांत जीन एअर्स या विदुषी होत्या. त्या याच विद्यापीठात शिकल्या आणि 1961 मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळवली. नजर चांगली, बुद्धी चांगली, तरी काही मुले सारखी अडखळतात, अक्षर नीट काढू शकत नाहीत. असे का व्हावे? डोळे मिटून बोट नाकाच्या शेंड्याला लावा बरे! न पाहता जमले ना? सांधे आणि स्नायू मेंदूला सतत खबर देत असतात, आणि कानाच्या आतील भाग तोल कळवत असतो. या खबरांची सांगड मेंदूत नीट बसत नसावी, असे एअर्स यांचे म्हणणे. त्यांनी त्यासाठी चाचण्या तयार केल्या आणि झोपाळ्यासारखी साधने उपचारात आणली. त्यांच्या सिद्धांतावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत नाही. पण वाद घालता येईल इतक्या स्पष्टपणे त्यांनी तो मांडला, हेही थोडके नव्हे.

पुढे 1989 मध्ये याच विद्यापीठात माणसाच्या दैनंदिन कामांच्या शास्त्रात पीएच.डी. करण्याची सोय झाली. मग टोपलीच्या त्या जुन्या प्रश्नाला हात घालणारा प्रयोग झाला. स्वतंत्रपणे राहणारे, साठी ओलांडलेले 361 वृद्ध निवडून त्यांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. पहिल्या गटाला व्यवसायोपचारतज्ज्ञ आठवड्यातून दोन तास भेटत, शिवाय काही तास एकेकट्याला देत. बसने एकट्याने कसे जावे, घरात पडू नये म्हणून काय करावे, दिवस कसा आखावा, अशा गोष्टींवर त्यांचा भर असे. दुसऱ्या गटासाठी खेळ, चित्रपट, सहली असे कार्यक्रम होते. ते चालवणारे मात्र तज्ज्ञ नव्हते. तिसऱ्या गटाला काहीच दिले नाही.

मला विचाराल तर सारी खुबी दुसऱ्या गटात आहे. तो नसता, तर कोणीही म्हणाले असते, ‘म्हाताऱ्यांना चार माणसे भेटली, म्हणून बरे वाटले, त्यात शास्त्र कसले?’ नऊ महिन्यांनी मोजमाप झाले. पहिल्या गटाची प्रकृती, हालचाल, समाधान या बाबतींत सरशी झाली; दुसऱ्या आणि तिसऱ्या गटांत मात्र म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. नुसता विरंगुळा पुरेसा ठरला नव्हता. हे निष्कर्ष 1997 मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार थांबल्यावर सहा महिन्यांनी पुन्हा तपासले, तेव्हा मिळालेल्या फायद्यापैकी सुमारे 90 टक्के टिकून होता.

अमेरिकेत 2007 पासून व्यवसायोपचारतज्ज्ञ होण्यासाठी पदवीनंतरचे शिक्षण आवश्यक झाले आहे.

आपल्याकडे या शिक्षणाचा आरंभ मुंबईत झाला. जन्माने अमेरिकन, पण निंबकरांच्या घरात सून म्हणून येऊन इथल्याच झालेल्या कमलाबाई निंबकर यांनी 1950 मध्ये परळच्या केईएम रुग्णालयात व्यवसायोपचाराची शाळा काढली. दोनच वर्षांनी जागतिक संघटना स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापक सदस्य देशांत भारत होता. शीव, नागपूर येथेही पुढे असे शिक्षण मिळू लागले. फलटणला ‘कमला निंबकर बालभवन’ नावाची शाळा आहे. ती याच कमलाबाईंच्या नावाची.