बंद पडलेले जुने पिकअप वाहन ओढून नेणे : कायदा, यंत्रशास्त्र आणि सुरक्षितता (वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात)

प्रस्तावना

वर्धा जिल्ह्यातील शेतमाल गावातून बाजारपेठेत पोहोचवण्यात जुन्या पिकअप वाहनांचा मोठा हातभार असतो. कापसाच्या हंगामात हिंगणघाट, पुलगाव, आर्वी किंवा सेलूकडे निघालेले असे वाहन वाटेत बंद पडले की गावातील ट्रॅक्टर बोलावला जातो, हाताशी असलेला दोर बांधला जातो आणि वाहन ओढत गॅरेजकडे नेले जाते. या कृतीमागे एक समजूत दडलेली असते, ती म्हणजे बंद वाहन हे केवळ ओझे आहे व त्याची सारी जबाबदारी पुढच्या चालकावर आहे. ही समजूत कायदा आणि यंत्रशास्त्र या दोन्ही दृष्टींनी चुकीची आहे. ओढले जाणारे वाहन हे रस्त्यावर चालणारे वाहनच असते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११८ अन्वये वाहन चालवण्यासंबंधीचे विनियम करण्याचा अधिकार केंद्र शासनास आहे. त्यानुसार १९८९ मध्ये ‘रूल्स ऑफ द रोड रेग्युलेशन्स’ लागू झाले व २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या वाहनचालन विनियमांनी घेतली. ओढून नेण्याबाबतच्या मूळ अटी पुढीलप्रमाणे आहेत. ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या चालकाच्या जागी ते वाहन चालवण्याचा परवाना असलेली व्यक्ती बसलेली असावी. अन्यथा त्याची पुढची चाके क्रेन वा तत्सम साधनाने रस्त्यापासून पक्की उचललेली असावीत. दोन वाहनांमधील मोकळे अंतर ५ मीटरपेक्षा अधिक नसावे. दोर किंवा साखळी इतरांना सहज दिसेल अशी व्यवस्था असावी. मागील बाजूस पांढऱ्या पार्श्वभूमीवर किमान ७५ मिलिमीटर उंचीच्या काळ्या अक्षरांत ‘ऑन टो’ असा फलक असावा. १९८९ च्या विनियमांत वेगाची मर्यादा ताशी २४ किलोमीटर होती आणि आजही तेवढ्याच वेगात राहणे शहाणपणाचे आहे. विनियमांचा भंग झाल्यास २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १७७-अ नुसार ५०० ते १,००० रुपये दंड होऊ शकतो.

वाहन रस्त्यातच सोडून जाणे हाही उपाय नव्हे. सार्वजनिक जागी १० तास किंवा अधिक काळ बेवारस राहिलेले वाहन हलवण्याचा आदेश कलम १२७ अन्वये पोलीस अधिकारी देऊ शकतो व त्याचा खर्च मालकावर येतो.

‘बंद वाहन म्हणजे वापरात नसलेले वाहन’ हा युक्तिवाद न्यायालयातही टिकलेला नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये सातारा जिल्ह्यात पुणे–बंगळूर महामार्गावर अपघातानंतर पेट्रोलचा टँकर उलटला. काही तासांनी त्याचा स्फोट होऊन पेट्रोल गोळा करण्यासाठी जमलेल्यांपैकी काही जण मरण पावले. टँकर निश्चल असला तरी ही घटना मोटार वाहनाच्या ‘वापरातून’ उद्भवलेली आहे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये लावला. निश्चल वाहनाची ही स्थिती असेल, तर दोराने ओढल्या जाणाऱ्या वाहनाविषयी शंका उरत नाही. त्याचाही तृतीय पक्ष विमा चालू असणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

यंत्रशास्त्रीय विचार

ताशी २४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ६.७ मीटर. पुढच्या चालकाने अचानक ब्रेक दाबला आणि मागच्याला प्रतिसाद देण्यास एक सेकंद लागला, तर दोन्ही वाहनांचे ब्रेक समान असूनही मागचे वाहन तेवढेच, म्हणजे ६.७ मीटर, पुढे सरकते. मधले अंतर मात्र केवळ ५ मीटर आहे. टक्कर अटळ ठरते. यावरून महत्त्वाचा नियम निघतो : वेग कमी करण्याचा आरंभ मागच्या चालकाने करावा व दोर सतत ताणलेला ठेवावा, पुढच्याने संकेत देऊन केवळ ॲक्सिलरेटर सोडावा.

जुन्या पिकअपचे इंजिन बंद असताना ब्रेकला निर्वाताचे साह्य मिळत नाही. दोन-तीनदा दाबल्यावर साठलेला निर्वात संपतो व पॅडल कठीण होते. पॉवर स्टिअरिंगही जड होते. किल्ली काढल्यास स्टिअरिंग लॉक लागण्याचा धोका असतो. ब्रेक मुळीच लागत नसल्यास दोराचा वापर करू नये.

दोर तुटतो तो सहसा ओढीने नव्हे, झटक्याने. सुमारे १,७०० किलो वजनाचे रिकामे पिकअप सपाट डांबरी रस्त्यावर ओढण्यास साधारण २५ किलो भाराएवढे बल पुरते. ५ टक्के चढावर ते ११० किलोपर्यंत जाते. परंतु दोरात ढील राहून दोन वाहनांच्या वेगात सेकंदाला १ मीटरचा फरक पडला आणि तो एक दशांश सेकंदात भरून निघाला, तर दोरावर वाहनाच्या संपूर्ण वजनाएवढा भार येतो. पावसाळ्यात काळ्या मातीत रुतलेले वाहन झटके देऊन काढणे याच कारणाने घातक ठरते. आधी माल उतरवावा, चाकांपुढची माती काढावी, फळ्या टाकाव्यात व मग संथपणे ओढावे.

दोर चासीच्या हुकाला बांधावा. बंपर, ॲक्सल वा स्टिअरिंगच्या दांड्याला नव्हे. गिअर न्यूट्रलमध्ये व हँडब्रेक मोकळा असावा. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपमध्ये चाकांबरोबर प्रोपेलर शाफ्ट फिरतो, पण बंद इंजिनामुळे गिअरबॉक्समध्ये तेल उसळत नाही. अंतर लांबचे असल्यास शाफ्ट सोडवावा किंवा मागची चाके उचलावीत.

रस्ता आणि विमा

जिल्ह्यातून राष्ट्रीय महामार्ग ४४ हिंगणघाटमार्गे, तर महामार्ग ५३ कारंजा–तळेगावमार्गे जातो. सेलू, वर्धा व आर्वी तालुक्यांतून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तेथे ताशी १२० किलोमीटरने येणारी मोटार ताशी २४ किलोमीटरने जाणाऱ्या जोडीपर्यंतचे १०० मीटर अंतर चार सेकंदांच्या आत कापते. अशा मार्गावर दोर बांधण्याचा विचारही करू नये, क्रेनच बोलवावी. राष्ट्रीय महामार्गांवर १०३३ हा मदत क्रमांक उपलब्ध आहे. गावरस्त्यावरही रात्री ओढणे टाळावे.

व्यावसायिक वाहनांच्या प्रचलित विमा करारात बंद पडलेले एक वाहन ओढण्यास मुभा असते. मात्र मोबदला घेऊन ओढल्यास ती लागू होत नाही आणि ओढल्या जाणाऱ्या वाहनाच्या हानीची भरपाईही मिळत नाही. शेजारधर्म म्हणून केलेली मदत आणि भाड्याने केलेले काम यांतील हा फरक ट्रॅक्टरमालकांनी लक्षात ठेवावा.

समारोप

वर्षानुवर्षे अंगणात उभे असलेले, योग्यता प्रमाणपत्र व विमा संपलेले पिकअप दोराने रस्त्यावर आणणे उचित नाही. असे वाहन सपाट हौद्याच्या वाहनावर चढवून न्यावे, मग ते दुरुस्तीसाठी असो वा २०२१ च्या नियमांनुसार नोंदणीकृत भंगार केंद्राकडे असो. हौद्यावर चढलेले वाहन खरोखरच ओझे असते. दोराला बांधलेले मात्र वाहनच राहते, आणि त्याच्या चाकामागे जाणता, परवानाधारक माणूस बसलेला असणे ही त्या प्रवासाची पहिली अट आहे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी अशी वाहने असतात. वाहतूक सुरक्षेच्या उपक्रमांत हा विषय समाविष्ट केल्यास त्याचा उपयोग थेट गावापर्यंत पोहोचेल.