शुश्रूषागृहाची पारख

नर्सिंग होम म्हटले की आपल्याकडील मनुष्याच्या डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते बाळंतपणाचे इस्पितळ. यात त्याची काही चूक नाही. मुंबई राज्याने १९४९ साली नर्सिंग होमच्या नोंदणीचा जो कायदा केला, त्याच्या व्याख्येतही आजारी, जखमी व दुर्बळ माणसांच्या जोडीला प्रसूतिगृहाचा स्पष्ट उल्लेख आहे. पश्चिमेकडे मात्र या शब्दाचा अर्थ निराळा. जी वृद्ध माणसे इस्पितळात ठेवण्याइतकी आजारी नाहीत, पण ज्यांना स्वतःचे स्वतः उठता, जेवता, नाहता येत नाही, त्यांनी महिनेच्या महिने, बहुधा अखेरपर्यंत, राहावयाची ही जागा. अशी घरे आता आपल्या शहरांतूनही निघाली आहेत. कोणी त्यांना वृद्धाश्रम म्हणतो, कोणी शुश्रूषा केंद्र. आम्ही येथे शुश्रूषागृह हाच शब्द वापरणार आहोत.

आईवडिलांना अशा ठिकाणी ठेवावे की ठेवू नये, हा विषय व्याख्यानाला फार सोयीचा आहे. त्यावर टाळ्या पडतात, डोळेही पुसले जातात. आम्ही त्यात शिरणार नाही. सभा संपवून घरी गेल्यावर ज्याचे वडील पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आहेत, ज्याचे घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि दोघेही नवराबायको नोकरीवर जातात, त्याचा प्रश्न अगदी साधा असतो. ही दोन घरे पाहिली, यांतले चांगले कोणते? त्याला हे सांगणारा सहसा कोणी भेटत नाही.

आम्हालाही भेटला नव्हता. आमची मावशी वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी पडली, खुब्याचे हाड मोडले, आणि शस्त्रक्रियेनंतर ती चालेना. आम्ही तिघे भाचे घर पाहावयास गेलो. चकचकीत फरशी होती, दिवाणखान्यात गणपतीची सुरेख मूर्ती होती, मागे बाग होती. व्यवस्थापक गृहस्थ फार गोड बोलले, चहाही चांगला होता. आम्ही समाधानाने परत आलो. बिछाने तेवढे आम्ही पाहिले नव्हते. सात आठवड्यांनी आमची बहीण तिचे लुगडे बदलावयास बसली, तेव्हा माकडहाडावर रुपयाएवढी जखम दिसली, आणि तिला खोलीही होती. खाटेला एक तक्ता टांगलेला होता. दर दोन तासांनी कूस बदलली, अशा खुणा त्यावर ओळीने केलेल्या होत्या. घड्याळात दुपारचे चार वाजले होते; तक्त्यावर सहाच्या आणि आठच्याही खुणा झाल्या होत्या.

त्या घराचा दोष आम्ही झाकीत नाही. पण सात आठवडे दर रविवारी अकरा वाजता जाऊन, अर्धा तास बसून, 'मावशी, जेवलीस का?' एवढे विचारून आम्ही उठत होतो. पांघरूण कोणी वर केले नाही.

वैद्यकीय सेवेचा दर्जा मोजावा कसा, यावर १९६६ साली आवेदिस दोनाबेदियन या डॉक्टराने एक निबंध लिहिला. बैरुतमध्ये जन्मलेला हा आर्मेनियन पुढे अमेरिकेत प्राध्यापक झाला. त्याने सेवेचे तीन भाग पाडले. एक रचना, म्हणजे इमारत, खाटा, माणसे, उपकरणे. दुसरा कृती, म्हणजे प्रत्यक्ष काय केले जाते. तिसरा परिणाम, म्हणजे त्या कृतीने माणसाचे काय झाले. आज जगभर हीच विभागणी चालते. आमच्या गोष्टीला ती लावून पाहा. फरशी, बाग, गणपती ही रचना. तीही अर्धीच, कारण रात्री माणसे किती असतात हे आम्ही विचारलेच नाही. तक्ता म्हणजे कृतीचा कागद, कृती नव्हे. आणि जखम हा परिणाम. कागद खोटे बोलू शकतो, कातडी बोलत नाही.

म्हणून या जखमेबद्दल चार शब्द अधिक सांगितले पाहिजेत. तिला इंग्रजीत बेडसोर म्हणतात; आपण शय्याव्रण म्हणू. माणूस एकाच कुशीवर पडून राहिला की हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी चेपली जाते, बारीक रक्तवाहिन्या मिटतात, आणि रक्त न मिळालेला भाग मरू लागतो. माकडहाड, खुबे, टाचा, खांद्याची पाती आणि डोक्याची मागची बाजू या तिच्या जागा. ओल असली, लघवीचे कपडे वेळेवर बदलले नाहीत, पोटात पुरेसे अन्न गेले नाही, तर हे काम लवकर होते. डोरीन नॉर्टन नावाच्या इंग्रज परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांसह इस्पितळातील वृद्धांचा अभ्यास केला आणि १९६२ साली एक साधी मोजपट्टी दिली. शरीराची स्थिती, मनाची स्थिती, हिंडणे-फिरणे, अंथरुणातली हालचाल आणि मलमूत्रावरचा ताबा, या पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यावयाचे. बेरीज १४ किंवा त्याहून कमी आली, तर त्या माणसाला जखमेचा धोका आहे असे समजावे. तोवर परिचारिका नाना तऱ्हेची तेले, स्पिरिट आणि मलमे चोळीत असत. नॉर्टनबाईंनी सगळा भर ठेवला तो दाब काढण्यावर, म्हणजे वेळच्या वेळी कूस बदलण्यावर. हवेची गादी मदत करते, पण ती माणसाची जागा घेत नाही.

नातेवाइकाला स्वतः करता येईल अशी एक परीक्षा आहे. हाडावरची कातडी लाल दिसली तर बोटाने दाबून सोडावी. दाबल्यावर ती पांढुरकी होऊन पुन्हा लाल झाली तर बरे. दाबूनही लाली हटत नसेल, तर जखमेची ती पहिली पायरी होय. आपल्या सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. तेथे हात लावून पाहावे. आजूबाजूच्यापेक्षा तो भाग गरम, कडक किंवा पिळपिळीत लागतो. तेथे चोळू मात्र नये. चोळण्याने आतली नुकसानी वाढते.

दुसरा न बोलणारा साक्षीदार म्हणजे वजनाचा काटा. महिन्यात शंभरास पाच, किंवा सहा महिन्यांत शंभरास दहा इतके वजन आपोआप घटले, तर कारण शोधलेच पाहिजे. पन्नास किलोच्या बाईचे अडीच किलो महिन्यात गेले, तर 'वयाने होते असे' हे उत्तर पुरे नाही. पुष्कळदा कारण क्षुल्लक असते. कवळी हरवलेली असते, किंवा दुसऱ्याच कोणाची तोंडात असते. ताट समोर येते आणि तसेच परत जाते, कारण भरवावयास कोणाला सवड नसते. पाण्याचा पेला भरलेला असतो, पण हात पोचणार नाही इतका दूर असतो.

तिसरी गोष्ट झोपेची. घर अगदी शांत आहे, कोणी हाका मारीत नाही, सगळे डुलक्या घेत आहेत, हे पाहून आम्हाला पूर्वी बरे वाटत असे. आता वाटत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना गप्प बसविण्यासाठी मनोविकारावरची औषधे देण्याची चाल सर्वत्र आहे. या औषधांनी अशा रुग्णांत मृत्यूचे प्रमाण सुमारे दीडपटीहून अधिक होते, असा इशारा अमेरिकेच्या औषध खात्याने २००५ साली दिला. रात्री हात खाटेला बांधणे हे त्याच्याच शेजारचे. तेथील १९८७ च्या कायद्याने शिक्षा म्हणून किंवा नोकरांच्या सोयीसाठी बांधण्यास बंदी केली. आपण मनगटे पाहावी, आणि कोणते औषध कोणी, कशासाठी लिहून दिले, हे विचारावे.

अमेरिकेत सरकार प्रत्येक शुश्रूषागृहाला एक ते पाच तारे देते. ही पद्धत २००८ च्या अखेरीस सुरू झाली. कल्पना उत्तम, परंतु तपासणी सोडली तर बाकीचे आकडे बहुतांशी घरचालक स्वतःच कळवीत असत, आणि २०१४ साली न्यूयॉर्क टाइम्सने ही गोम उघडी केली. २०१६ पासून नोकरांची संख्या पगाराच्या नोंदींवरून घेऊ लागले. तेव्हा शनिवार-रविवारी माणसे बरीच कमी असतात, हे आकड्यांतच दिसून आले. मावशीच्या घरचा तक्ता आणि हे तारे यांत आम्हाला जातीचा फरक दिसत नाही. ज्याची परीक्षा, त्यानेच गुण भरावयाचे!

आपल्याकडे तर असे तारेही नाहीत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, १५० निराधार वृद्धांची सोय असलेले घर काढण्याची वाट राज्यांना दाखविली आहे; पण पैसे देऊन राहणाऱ्याने आपले खासगी घर कसे निवडावे, हे तो सांगत नाही. तेव्हा तपासनीस आपणच.

जाताना कळवून जाऊ नये. एकदा जेवणाच्या वेळी जावे, एकदा रविवारी, आणि जमल्यास रात्री आठनंतर. कार्यालयात न बसता अंथरुणाला खिळलेल्यांच्या खोलीत जावे. वास आला तर लगेच निकाल देऊ नये. अपघात कोठेही होतो. तासाभराने तोच वास तेथेच आहे काय, ते पाहावे. नखे पाहावी. चष्म्याच्या काचा पाहाव्या. घंटा वाजली की कोणी किती वेळाने येते, ते घड्याळावर मोजावे. मावशा आणि मामा म्हणून जी माणसे सेवा करतात, त्यांना विचारावे, 'तुम्ही इथे किती दिवस आहात?' सगळ्यांचे उत्तर दोन-तीन महिने असे आले, तर जुनी माणसे का टिकली नाहीत, हा पुढचा प्रश्न.

माणसे किती हवीत याला एक अंदाज देता येतो. अमेरिकी सरकारने २०२४ साली दर राहणाऱ्यामागे दिवसाला ३.४८ तास, म्हणजे सुमारे साडेतीन तास, सेवा मिळालीच पाहिजे असा नियम केला. पुढच्याच वर्षी तेथील एका न्यायालयाने तो रद्द केला, ही गोष्ट निराळी. मोजण्यास आकडा उपयोगी आहे. तीस माणसांच्या घरात त्या हिशेबाने १०५ तास लागतील. आपल्याकडे पाळी बहुधा बारा तासांची, म्हणजे दिवस-रात्र मिळून नऊ जण. आपण पाहत असलेल्या घरात चार असतील, तर उरलेले काम कोण करतो? कोणीच करीत नाही. हे विचारताना स्वयंपाकी आणि फरशी पुसणारे यांना वगळून विचारावे. ते मोजण्यात धरण्याची खोड असते.

पैशांचे लेखी घ्यावे. अनामत केव्हा व किती परत मिळेल, लंगोटांचे आणि औषधांचे पैसे निराळे का, रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या इस्पितळात व कोणाच्या गाडीने नेतात. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

शुश्रूषा या शब्दाचा मूळ संस्कृत अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. सेवा हा अर्थ त्यातून आला. आम्ही मावशीच्या बाबतीत व्यवस्थापकांचे ऐकले, डॉक्टरांचे ऐकले. तिला मात्र तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईसमोरच 'इथे बरे आहे ना?' असे विचारीत राहिलो. ती 'बरे आहे' म्हणे. दुसरे काय म्हणणार?

जखम भरावयास पाच महिने लागले. मधल्या काळात आम्ही दुसरे घर शोधले. तेथे बाग नव्हती, फरशी शहाबादी होती, आणि भिंतीचा रंग उडालेला होता. कोपऱ्यातल्या खाटेवर एक आजी होत्या. त्यांची सेवा करणाऱ्या बाईला आम्ही सहज विचारले, 'यांना कोणत्या कुशीवर झोप लागते हो?' ती तक्त्याकडे न पाहता म्हणाली, 'डाव्या. उजव्या कुशीवर ठेवलं की खिडकी दिसत नाही, मग कुरकुरतात. तरी दोन तास ठेवावंच लागतं.' आम्ही आजींची परवानगी घेऊन त्यांच्या टाचा पाहिल्या, आणि खाली जाऊन अनामत भरली.